स्टिअरिंग वाकडे, पण गाडी सरळ!

सायकलवरून तुम्ही कधी ना कधी पडला असालच. पडल्यावर उठायचे, गुडघ्याची माती झटकायची आणि सायकल उभी करून पाहायचे, तर काय? पुढचे चाक सरळ, पण हँडल मात्र वाकडे! अशा वेळी काय करायचे, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायचे आणि हँडलला हिसका देऊन ते सरळ करायचे. काम झाले!

आता समजा, हीच तक्रार चारचाकी गाडीबद्दल आली तर? गाडी रस्त्यावरून सरळ चालली आहे, पण चालकाच्या हातातले स्टिअरिंग मात्र एका बाजूला कललेले आहे. येथे गुडघ्यात धरण्याजोगे चाक नाही. हिसका द्यावा तर कशाला द्यावा, हेही समजत नाही. स्टिअरिंग आणि रस्ता यांच्यामध्ये दांडे, दाते, सांधे यांची एक लांबलचक साखळी असते. त्या साखळीतील कोणता दुवा चुकला आहे, हे शोधून काढणे म्हणजे एक छोटेसे गुप्तहेराचे काम आहे. विशेष म्हणजे त्यासाठी लागणारे बहुतेक गणित तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकात आहे.

विद्यार्थ्याची तक्रार

२०२२ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याने कर्ज काढून एक जुनी पिकअप गाडी घेतली होती. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि रात्रीतून माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे वाशीला पोचवायचे, हा त्याचा धंदा. तो म्हणाला,

"सर, पंधरा दिवस झाले, गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग उजवीकडे कललेलं राहतं. एका ठिकाणी दाखवली. ते म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे. स्टिअरिंगचं चाक काढू, दोन दाते फिरवून परत बसवू. करून टाकू का?"

मी विचारले, "टायर कसे झिजलेत?"

"अगदी सारखे. म्हणूनच तर वाटतं, फार काही बिघडलेलं नसावं."

मला वाटले, या उत्तरातच खरी मेख आहे. मी त्याला म्हटले, "अरे, दोन दिवस थांब. रविवारी गाडी घेऊन ये. आधी मोजू, मग ठरवू."

मोजमापाला सुरुवात

पहिला प्रश्न असा, की स्टिअरिंग 'कललेले' म्हणजे नक्की किती? नुसते 'थोडेसे' म्हणून भागत नाही. आम्ही एका सपाट, सरळ रस्त्यावर गाडी हळू चालवली. स्टिअरिंगच्या चाकावर त्याचा मध्य दाखवणारी चिकटपट्टी लावली होती. गाडी सरळ जात असताना ती पट्टी परिघावर ८ सेंटिमीटर उजवीकडे राहत होती. स्टिअरिंगचा व्यास ४० सेंटिमीटर. म्हणजे परीघ सुमारे १२५.६ सेंटिमीटर. ३६० अंशांना १२५.६ सेंटिमीटर, तर ८ सेंटिमीटरला किती? त्रैराशिक मांडा. उत्तर येते सुमारे २३ अंश.

दुसरा प्रश्न असा, की स्टिअरिंग २३ अंश फिरले म्हणजे रस्त्यावरची चाके किती फिरली? तितकीच नव्हेत. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते. ते एका दंतपट्टीला डावी-उजवीकडे सरकवते. दंतपट्टीच्या दोन टोकांना दोन दांडे जोडलेले असतात, त्यांना टाय-रॉड म्हणतात. हे टाय-रॉड चाकांना जोडलेल्या आखूड भुजांना ढकलतात किंवा ओढतात आणि चाके वळतात. या मांडणीमुळे चालकाचे बल अनेक पटींनी वाढते, मात्र त्याची किंमत म्हणून हात जास्त फिरवावा लागतो. तरफेचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. बलात मिळवले ते अंतरात गमवावे लागते.

आम्ही पुढच्या चाकांच्या कडेने जमिनीवर खडूच्या रेघा मारल्या आणि स्टिअरिंगचा डावीकडे बरोबर एक फेरा दिला. पुन्हा रेघा मारून कोन मोजले. डावे चाक सुमारे १९ अंश आणि उजवे सुमारे १७ अंश वळले होते.

दोन्ही चाके सारखी का वळली नाहीत, असे तुम्ही विचाराल. वळणावर आतले चाक लहान वर्तुळावरून जाते आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावरून. म्हणून आतल्याने थोडे जास्त वळायला हवे. घोडागाडीच्या काळातच, १८१८ साली, लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान याने अशा मांडणीचे पेटंट घेतले होते. मूळ कल्पना म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर या गाड्या बनवणाऱ्या कारागिराची होती. मोटारगाडी जन्माला येण्यापूर्वीच तिच्या चाकांची भूमिती तयार होती!

तर सरासरी १८ अंश. स्टिअरिंगचे ३६० अंश म्हणजे चाकांचे १८ अंश. गुणोत्तर झाले २० ला १. म्हणून स्टिअरिंगचे २३ अंश म्हणजे पुढच्या चाकांचे सुमारे १.१५ अंश. हा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

गाडी ओढते की नुसते स्टिअरिंग कलते?

या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि पुष्कळ लोक त्यांची गल्लत करतात. स्टिअरिंगवरची पकड सैल केली, की गाडी एका बाजूला जाऊ लागते, याला म्हणतात 'गाडी ओढते'. पकड सैल करूनही गाडी सरळच राहते, फक्त स्टिअरिंग तिरपे दिसते, ती आपली तक्रार.

गाडी ओढण्याची कारणे साधी असू शकतात. एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर ते चाक जड फिरते आणि गाडीला आपल्याकडे खेचते. एका चाकाचा ब्रेक चिकटत असला, तरी तसेच होते. शिवाय खुद्द रस्ताही दोषी असू शकतो. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून आपले रस्ते मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरते केलेले असतात. डांबरी रस्त्यावर हा उतार मीटरला साधारण २ सेंटिमीटर असतो. भरलेल्या गाडीचे वजन २००० किलोग्रॅम धरले, तर त्याचा २ टक्के भाग, म्हणजे ४० किलोग्रॅम वजनाएवढे बल तिला सतत डाव्या कडेकडे खेचत असते. जणू काही एक शाळकरी मुलगा सारखा गाडीला कडेकडे ओढतो आहे! मग चालक नकळत स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरतो.

म्हणून तपासणीचा पहिला नियम असा, की चारही चाकांची हवा सारखी करा आणि रस्त्याचा उतार नाही अशा जागी गाडी चालवून पाहा. आम्ही दोन्ही गोष्टी केल्या. स्टिअरिंग २३ अंशांवरच राहिले आणि गाडी ओढत नव्हती. रस्ता आणि हवा, दोघेही निर्दोष सुटले.

दोन चाकांची रस्सीखेच

आता संशयितांत पुढची चाके आली. समजा, खड्ड्यात आपटून डावा टाय-रॉड वाकला आणि त्यामुळे डावे चाक उजव्या चाकाच्या मानाने २ अंश डावीकडे पाहू लागले. स्टिअरिंग मध्यावर धरले, तर उजवे चाक सरळ आणि डावे चाक २ अंश बाहेर. साहजिकच गाडी डावीकडे जाऊ लागेल. चालक तिला सावरायला स्टिअरिंग उजवीकडे फिरवील. किती? दोन्ही चाकांची बाजूला ढकलणारी बले समान व विरुद्ध होईपर्यंत. म्हणजे डावे चाक १ अंश डावीकडे आणि उजवे चाक १ अंश उजवीकडे पाहू लागेपर्यंत. तेथे समतोल साधतो आणि गाडी सरळ जाऊ लागते. पण चाके १ अंश वळवण्यासाठी स्टिअरिंग २० अंश फिरवावे लागले! म्हणून ते कललेले दिसते.

ही रस्सीखेच फुकट होत नाही. १ अंशाने तिरके असलेले चाक दर किलोमीटरला किती बाजूला घासले जाते? १ अंशाची ज्या सुमारे ०.०१७५ आहे. १००० मीटरला तिने गुणा. साडेसतरा मीटर! प्रत्येक किलोमीटरमागे टायर साडेसतरा मीटर आडवा फरफटला जातो. अशा टायरवरून हात आडवा फिरवला, तर एका दिशेने तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा बोचतो. काही आठवड्यांतच टायरची एक कड खलास होते.

मिस्त्री लोक या दोषाला 'टो' बिघडला म्हणतात. चाकांचे पुढचे भाग एकमेकांकडे झुकले असतील तर 'टो-इन', एकमेकांपासून लांब गेले असतील तर 'टो-आउट'. तो मोजायला घरगुती पद्धत आहे. दोन्ही पुढच्या टायरांच्या मध्यावर, पुढच्या बाजूला, आसाच्या उंचीवर खडूची खूण करा आणि खुणांमधले अंतर मोजा. मग गाडी हळूच पुढे ढकला. त्याच खुणा अर्धा फेरा फिरून मागच्या बाजूला आसाच्या उंचीवर आल्या, की पुन्हा अंतर मोजा. तीच खूण दोन्ही वेळा वापरल्यामुळे टायरच्या ओबडधोबडपणाची चूक आपोआप टळते. प्रयोगशाळेत वाचन घेताना तुम्ही अशीच युक्ती योजता, होय ना?

आमच्या पिकअपमध्ये पुढचे अंतर मागच्यापेक्षा फक्त २ मिलिमीटरने कमी भरले. एवढा किंचित टो-इन अशा गाड्यांना मुद्दामच ठेवतात. टायरवरून हात फिरवला, तर कोठेही करवत लागली नाही. सांधे हलवून पाहिले, कोणताही ढिला नव्हता. म्हणजे पुढची दोन चाके आपसांत भांडत नव्हती. माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेली 'टायर सारखे झिजलेत' ही गोष्ट अशी उपयोगी पडली.

पुठ्ठ्याची गाडी करून पाहा

पुढे जाण्यापूर्वी एक प्रयोग करा. वहीच्या आकाराचा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर पुढच्या बाजूला १२ सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या टोचा. प्रत्येक टाचणीवर पुठ्ठ्याची एक पट्टी फिरती बसवा. पट्टीचा पुढचा भाग म्हणजे चाक, मागचा भाग म्हणजे चाकाची भुजा. दोन्ही भुजांच्या मागच्या टोकांमध्ये एक आडवी सरकणारी पट्टी ठेवा, ती आपली दंतपट्टी. तिच्या मध्यावर बाण काढा आणि त्याखाली पुठ्ठ्यावर मध्याची रेघ मारा. दंतपट्टीची दोन टोके आणि दोन भुजा यांना दोन लहान पट्ट्यांनी जोडा. हे झाले टाय-रॉड. या पट्ट्यांना पाव-पाव सेंटिमीटरवर चार-पाच भोके पाडून ठेवा.

आता डावा टाय-रॉड एका भोकाने लांब करा. डावी भुजा बाहेर ढकलली जाते आणि डावे चाक आत पाहू लागते. टो बिघडला! आता उजवा टाय-रॉड एका भोकाने आखूड करा आणि दंतपट्टी सरकवून पाहा. चाके पुन्हा समांतर व सरळ होतात, पण बाण मध्यावर राहत नाही, तो उजवीकडे सरकलेला असतो. टो बरोबर, टायर सुरक्षित, फक्त स्टिअरिंग वाकडे!

यावरून एक महत्त्वाचा नियम मिळतो. दोन्ही टाय-रॉडच्या लांबीची बेरीज टो ठरवते आणि वजाबाकी स्टिअरिंगचा मध्य ठरवते. म्हणून टो न बिघडवता स्टिअरिंग मध्यावर आणायचे असेल, तर एक टाय-रॉड जितका लांब करू, तितकाच दुसरा आखूड केला पाहिजे.

खऱ्या गाडीत टाय-रॉडच्या टोकाला आटे असतात. चेक नट सैल करून दांडा फिरवला, की त्याची लांबी बदलते. आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर आणि चाकाची भुजा १५० मिलिमीटर धरा. एका फेऱ्याने चाक १.५ भागिले १५० म्हणजे ०.०१ रेडियन, अर्थात ०.५७ अंश वळते. स्टिअरिंगवर त्याचे २० पट, सुमारे साडेअकरा अंश! म्हणजे दोन्ही टाय-रॉडना दोन-दोन फेरे उलटसुलट दिले असते, तर आमचे २३ अंशांचे स्टिअरिंग लगेच सरळ झाले असते.

मग आम्ही ते का केले नाही? कारण दोन्ही टाय-रॉडचे उघडे आटे मोजले, तर ते दोन्हीकडे सारखेच भरले. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले, तर मध्यापासून दोन्हीकडे सारखेच. चेक नटांवर जुना गंज तसाच होता, त्यांना कोणी हातही लावला नव्हता. म्हणजे पुढच्या भागात काहीही हललेले नव्हते. निर्दोष माणसाला शिक्षा का द्यावी?

मिस्त्रींची नजर

आमची खडू-टेपची धडपड शेजारच्या गॅरेजचे वयस्क मिस्त्री बघत होते. ते म्हणाले, "सर, एक काम करा. गाडी जरा पुढं जाऊ द्या आणि तुम्ही मागं उभं राहून बघा."

विद्यार्थ्याने गाडी सरळ पन्नास मीटर नेली. मी पाठीमागून पाहिले आणि डोळे उघडले. गाडी किंचित तिरकी चालली होती! तिचे तोंड थोडे डावीकडे आणि शेपूट थोडे उजवीकडे. मिस्त्री हसून म्हणाले, "पुढचं काही बिघडलं नाही. मागचा अ‍ॅक्सल बघा."

त्यांनी नजरेने ओळखले, आम्ही ते आकड्यांत पकडायचे ठरवले. रस्त्यावर बादलीभर पाणी ओतले आणि त्यातून गाडी कोरड्या भागावर नेली. ओल्या चाकांचे ठसे उमटले. पुढच्या आणि मागच्या चाकांचे ठसे एकावर एक पडायला हवे होते. पण मागच्या चाकांचे ठसे सुमारे साडेपाच सेंटिमीटर उजवीकडे पडले होते.

मग गोदामाच्या सपाट सिमेंटवर गाडी उभी केली. स्टिअरिंग बरोबर मध्यावर धरले. चारही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या. डावीकडे पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २८० सेंटिमीटर भरले. उजवीकडे २८२.८! मागचे उजवे चाक २८ मिलिमीटर मागे गेले होते.

मागच्या दोन चाकांमधले अंतर १.४ मीटर, म्हणजे १४०० मिलिमीटर होते. २८ भागिले १४०० म्हणजे ०.०२ रेडियन. त्याला ५७.३ ने गुणा. उत्तर १.१५ अंश!

हा आकडा ओळखीचा वाटला ना? स्टिअरिंगवरून काढलेला पुढच्या चाकांचा कोन आणि ओळंब्यावरून काढलेला मागच्या आसाचा कोन, दोन्ही १.१५ अंश. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसलेली दोन मोजमापे एकाच उत्तरावर आली. गुप्तहेराला याहून चांगला पुरावा कोणता हवा? आणि पाण्याचे ठसे? २८० सेंटिमीटर गुणिले ०.०२ म्हणजे ५.६ सेंटिमीटर. तोही जुळला.

आता सगळा उलगडा झाला. आसाचे उजवे टोक मागे गेल्यामुळे मागची चाके १.१५ अंश उजवीकडे पाहत होती आणि गाडीला त्या दिशेने ढकलत होती. गाडी सरळ ठेवायची, तर पुढच्या चाकांनाही तितकेच उजवीकडे पाहणे भाग होते, आणि त्यासाठी स्टिअरिंग २३ अंश उजवीकडे. चारही चाके एकमेकांना समांतर, म्हणून टायर सारखे झिजलेले. तिरके होते ते फक्त गाडीचे धड!

धोका कोठे होता?

पिकअपच्या मागच्या आसावर पाट्यांच्या कमानी असतात. एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे मधोमध एका सेंटर बोल्टने बांधलेले असतात. या बोल्टाचे डोके आसावरच्या बैठकीच्या भोकात बसते आणि आसाची जागा पक्की करते. वरून दोन यू-बोल्ट सगळ्याला आवळून धरतात. खरा जोर यू-बोल्टांच्या आवळण्यातून निर्माण होणारे घर्षण सोसते. यू-बोल्ट सैल झाले, की घर्षण कमी होते आणि सगळा भार त्या लहानशा सेंटर बोल्टावर येतो. खड्डे, ब्रेक, जादा माल यांचे धक्के बसत राहिले, की एक दिवस तो कापला जातो आणि आस सरकतो.

मिस्त्रींनी उजवीकडचे पाटे दाखवले. चकचकीत घासल्याच्या खुणा, आणि बैठक पाट्यांवर २० मिलिमीटर मागे सरकलेली. दोन कमानींमधले अंतर १ मीटर. २० भागिले १०००, पुन्हा ०.०२!

मी विद्यार्थ्याकडे पाहिले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, क्रेट जास्त बसावेत म्हणून दोन महिन्यांपूर्वी एक पाटा वाढवून घेतला होता. नंतर नट पुन्हा आवळून घ्यायला सांगितलं होतं. राहून गेलं."

मित्रहो, विचार करा. त्या दिवशी स्टिअरिंगचे चाक काढून दोन दाते फिरवून बसवले असते, तर काय झाले असते? त्या दांड्यावर ३६ दाते होते, म्हणजे एका दात्याला १० अंश. दोन दात्यांनी २० अंश गेले असते आणि तक्रार डोळ्यांआड झाली असती. पण सुटलेला आस तसाच राहिला असता, आणि भरलेली गाडी रोज रात्री घाट उतरत राहिली असती. वाकडे स्टिअरिंग हा रोग नव्हता, ते रोगाचे लक्षण होते. तापमापी फोडली म्हणून ताप उतरत नाही!

दुरुस्ती

दुरुस्ती मिस्त्रींनी केली. गाडी रिकामी केली, पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकने चेसिस उचलून खाली भक्कम आधार दिला. यू-बोल्ट सोडले, तुटलेला सेंटर बोल्ट काढून नवा घातला आणि आस ढकलून बोल्टाचे डोके बैठकीत बसवले. जुने यू-बोल्ट पुन्हा न वापरता नवे घातले, कारण एकदा ताणलेल्या आणि आटे घासलेल्या बोल्टाचा भरवसा नसतो. नट समोरासमोरचे थोडेथोडे करून आवळले आणि शेवटी परिबल दाखवणाऱ्या पान्याने, गाडी बनवणाऱ्यांनी सांगितलेल्या आकड्यापर्यंत घट्ट केले. वाढवलेला पाटा काढून टाकला. काही दिवस गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासायचे ठरले आणि या वेळी ते राहून गेले नाही.

पुन्हा ओळंबा सोडला. डावीकडे २८०, उजवीकडे २८०. रस्त्यावर गाडी नेली. स्टिअरिंगवरची चिकटपट्टी बरोबर मध्यावर! पुढच्या एकाही नटाला आम्ही पाना लावला नव्हता.

लक्षात ठेवण्याजोगे

अशी तक्रार कानावर आली, तर क्रम असा ठेवावा. आधी हवा आणि रस्त्याचा उतार. मग टायरवरून हात. टायर करवतीसारखे झाले असतील, तर पुढच्या चाकांचा टो बिघडला आहे. टायर चांगले आणि दोन्ही बाजूंची चाकांमधली अंतरे समान असतील, तर टाय-रॉड उलटसुलट लांबीचे झाले आहेत किंवा स्टिअरिंगचे चाकच चुकीच्या दात्यावर बसले आहे. टायर चांगले पण अंतरे असमान असतील, तर बहुधा आस सरकला आहे. दुरुस्ती नेहमी मागून पुढे करावी, कारण गाडी कोणत्या दिशेला जाणार हे मागची चाके ठरवतात. आणि एक सावधगिरी. स्टिअरिंग सरळ आहे म्हणून सारे ठीक, असेही नाही. दोन्ही चाकांचा टो सारखाच बिघडला, तर स्टिअरिंग सरळ राहून टायर मात्र झिजतात.

स्टिअरिंगचे चाक उचकटून फिरवणे आणखीही कारणांनी वाईट. सरळ जाताना दंतपट्टी मध्यापासून हललेलीच राहते, म्हणून एका बाजूला गाडी जास्त वळते आणि दुसऱ्या बाजूला कमी. वळणानंतर दिशादर्शक दिवा आपोआप बंद होण्याची योजनाही चुकते. अलीकडच्या गाड्यांत चाकात एअरबॅग असते आणि काहींत स्टिअरिंगचा कोन मोजणारा संवेदकही असतो. तेथे हात घालणे जाणकाराचेच काम. तुम्हीही मोजमाप आणि निरीक्षण जरूर करा, पण पाना मात्र मिस्त्रींच्या हाती राहू द्या, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. एका गाडीचे मागचे डावे चाक १४ मिलिमीटर मागे सरकले आहे. मागच्या चाकांमधले अंतर १४०० मिलिमीटर आणि स्टिअरिंगचे गुणोत्तर १८ ला १ आहे. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग कोणत्या बाजूला आणि किती अंश कलेल? स्वतः सोडवा आणि मगच पुढची ओळ वाचा.

उत्तर : डावीकडे, सुमारे १०.३ अंश.

आणि पुढच्या पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरून कोरड्या जागेत येणाऱ्या गाड्यांचे ठसे पाहायला विसरू नका. एखाद्या गाडीचे पुढचे-मागचे ठसे जुळत नसले, तर तिच्या चालकाला जरूर सांगा. कदाचित त्याचे स्टिअरिंग त्याला काही तरी सांगत असेल आणि त्याने ते ऐकले नसेल.